हेडरमधला हात

चैत्र लागला की नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स लागतात. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. वर कोपऱ्यात देव, लहानसा. खाली माणसं, भलीमोठी. पांढरे शर्ट, जोडलेले हात, गळ्यात साखळी. कंपनीच्या बसमध्ये मी डाव्या खिडकीशी बसते आणि भोसरी मागं पडली की हे चेहरे वाचत जाते. परवा मोशीच्या पुढं एका फ्लेक्सवर दिनेश दिसला. दिनेश माझा चुलत भाऊ. केस काळे केलेत, गाल वर आलेत, हसू तेच. त्याला पाहिलं आणि मला तो चैत्र आठवला. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडीसारखी तोंडाला चव आली.

झालं गेलं विसरावं, असं मला पुष्कळांनी सांगून पाहिलं. मी विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही. आमच्या गावाकडं याला उट्टं काढणं म्हणतात. कुणी बांधावर काढतं, कुणी लग्नाच्या मांडवात, कुणी निवडणुकीत. मी माझं ब्लॉगच्या हेडरमध्ये काढलं. हेडर म्हणजे पानाच्या माथ्यावरचा तो आडवा भाग, जिथं नाव आणि फोटो असतो. एवढ्याशा जागेत काय मावणार, असं वाटेल. मावलं.

त्या वर्षी थंडी सरता सरता आई माझ्याकडं रहाटणीला राहायला आली. गावात तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. राजगुरुनगरच्या अलीकडं आमचं गाव. बाबा लवकर गेले. त्यांच्यामागं आई धाकट्या दिराच्या, म्हणजे दिनेशच्या वडिलांच्या घरात राहिली. विहिरीखालचा एक लांबट तुकडा तिच्याकडं कसायला होता. कागदावर तो काकांच्या नावानं होता आणि आईला त्याचं कधी काही वाटलं नाही. तिला कागद वाचता येत नव्हता, शेत मात्र चांगलं वाचता यायचं. तिथं ती कांदा लावायची. सगळं गाव त्या तुकड्याला 'सुंदराची पट्टी' म्हणायचं. सुंदरा हे माझ्या आईचं नाव. काका वारले आणि दिनेशनं ती जमीन एका गोदामवाल्याला दिली. आईला विचारलं नाही. कांदे निघेपर्यंत थांबला, हा त्याचा चांगुलपणा.

शेवटच्या काढणीला मी रजा टाकून गेले होते. वाफे उकरून बायका ओळीनं पुढं सरकत होत्या, कापलेल्या पातीचा उग्र, ओला वास नाकात बसला होता. माझ्या मोबाइलमध्ये मी आईचा एक फोटो काढला. ती बांधावर उभी आहे. उजव्या हातात पातीसकट कांद्यांची जुडी. पदर खोचलेला, पायांना माती. ती माझ्याकडं बघत नाहीये, विहिरीकडं बघतेय. फोटो काढलेला तिला कळलाच नाही.

फ्लॅटमध्ये आईचा दिवस जाईना. गॅलरीच्या जाळीला तिनं कांद्याच्या माळा टांगल्या आणि तिथंच बसू लागली. समोरच्या बिल्डिंगांकडं बोट करून विचारायची, "हितं आधी काय व्हतं?" मला माहीत नसायचं. आमच्या मजल्यावर कुणालाच माहीत नव्हतं. तिला ते चमत्कारिक वाटायचं. माणूस एखाद्या जागेवर राहतो आणि त्या जागेचं नाव त्याला ठाऊक नसतं, हे कसं. मग मी तिला आमच्या गावचं विचारू लागले. ती शेतांची नावं सांगायची, खडकाळी, चिंचवणी, मधली ताल, डवऱ्याचं, भुताचं. भुताचं का, तर तिथं वाऱ्यानं बाजरी रात्रभर वाजायची. डवऱ्याच्या शेतात आता ट्रक उभे असतात. मधल्या तालीवर रंगाचा कारखाना आहे. चिंचवणीत एक मोठं कुंपण आणि कुत्री. या सगळ्याचा मी ब्लॉग केला. नाव ठेवलं 'नावाची शेतं'.

कंपनीत मी ट्रेनिंग विभागात आहे. पाट्या, सूचना, नव्या कामगारांना दाखवायच्या स्लाइड बनवणं हे रोजचं काम, त्यामुळं कॉम्प्युटरची भीती नव्हती. ब्लॉगसाठी इंटरनेटवर थोडी जागा भाड्यानं घेतली आणि एक टेम्पलेट, म्हणजे पानाचा तयार साचा, निवडलं. त्याच्या हेडरमध्ये आधीपासूनच बर्फाचा डोंगर होता आणि त्याच्यापुढं कॉफीचा कप. आई माझ्या शेजारी बसून पाहत होती.

"ह्यो कुणाचा डोंगर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, कुणाचाच नाही, नुसता असतो. डोंगर काढून मी तिचा फोटो टाकला.

आणि मग तो सगळा उन्हाळा त्या हेडरपायी गेला. लॅपटॉपवर आई नीट दिसायची, मोबाइलवर उघडलं की तिचं डोकं कापलं जायचं. डोकं आणलं तर पाय जायचे. उंची वाढवली तर खालचं लिखाण पार तळाला ढकललं जायचं. टेम्पलेटमधलं अक्षर, म्हणजे फॉन्ट, इंग्रजीसाठी बनवलेलं, त्यामुळं 'नावाची' मधली वेलांटी वरून छाटली जायची. मी दुसरं अक्षर शोधून आणलं, ओळींमधली जागा वाढवली, फोटोवर अक्षर वाचता यावं म्हणून डावीकडं हलकी सावली धरली. कंपनीतून आल्यावर चहाचा कप घेऊन बसायचे. आईची मतं असायची. विहीर दिसली पाहिजे. बांध तिरका नको. "मला लई बारीक नको करू, मी काय बारीक न्हाई." एकदा सगळं जमलं. मोबाइलवरही ती डोक्यापासून पायांपर्यंत उभी राहिली. तिनं स्क्रीनवर बोट ठेवून स्वतःला जरा पुसल्यासारखं केलं आणि भाकऱ्या टाकायला उठली.

पुढच्या चैत्रात गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक आली. 'आपल्या गावाची वेबसाइट. संकल्पना, दिनेशभाऊ.' मी बसमध्ये होते. उघडली.

हेडरमध्ये दिनेश. पांढरा शर्ट, हात जोडलेले, कमरेपर्यंतचा. मागं आमची विहीर, आमचा बांध, आमचे वाफे. तो बरोबर आईवर उभा होता. त्याच्या अंगाखाली ती पूर्ण झाकली गेली होती. फक्त त्याच्या खांद्यामागून एक हात बाहेर आला होता, त्यात कांद्यांची जुडी.

खाली शेतांची नावं. माझी वाक्यं, माझ्या स्वल्पविरामांसकट. भुताच्या शेतात बाजरी वाजायची तीही तिथं वाजत होती. अक्षर न् अक्षर तसंच, एक सोडून. विहिरीखालच्या तुकड्याचं नाव त्यानं बदललं होतं. सुंदराची पट्टी असं मी लिहिलं होतं तिथं आता 'आबांचा मळा' होतं. आबा म्हणजे त्याचे वडील. ते गृहस्थ चांगले होते, पण त्या शेतात ते कधी उतरले नाहीत.

घरी आल्यावर आईला दाखवावं की नाही, कळेना. तिनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि मोबाइल मागितला. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"हात माझा हाय," ती म्हणाली. "बाकीची मी कुठंय?"

तिनं मोबाइल परत दिला आणि गॅलरीत जाऊन कांद्याची एक माळ सोडून पुन्हा बांधायला घेतली. ती आधीही घट्टच होती.

दिनेशला मी फोन केला. भांडायचं नाही असं ठरवून केला. तो हसून बोलला. ताई, गावाचंच आहे ना सगळं, त्यात तुझं-माझं काय करायचं. मोठ्या आईचा फोटो काढलाय कुठं, आहे की मागं. शेवटी आभारात तुझं नाव टाकतो, माहेरवाशीण म्हणून. पट्टीच्या नावाचं विचारलं तर म्हणाला, लोकं काय, काहीही म्हणतात, वेबसाइटवर अधिकृत नाव लागतं. हे अधिकृत नाव त्यानं स्वतःच आदल्या आठवड्यात ठेवलं होतं. मी फोन ठेवला.

राग येतो आणि जातो असं म्हणतात. माझा आला आणि बसला. तो माझ्याबरोबर बसमध्ये बसायचा, कॅन्टीनमध्ये जेवायचा. नव्या मुलांना सुरक्षेच्या सूचना शिकवताना मध्येच मला तो पांढरा शर्ट दिसायचा. जमीन विकली तेव्हा मी गप्प राहिले होते, कारण आई गप्प राहिली होती. तेव्हाचं सगळं आता वर येत होतं. शेत घेतलं, ठीक. पण शेत गेल्यावर बाईकडं त्या शेताचं नाव तरी राहतं, त्यानं तेही काढून घेतलं आणि वर तिच्याच अंगावर उभा राहून हात जोडले.

मग एका दुपारी ब्लॉगवर किती लोक येतात हे बघताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. माझ्या ब्लॉगवर येणारे नेहमीइतकेच होते, पण हेडरचा तो एकटा फोटो कितीतरी जास्त वेळा उघडला जात होता. थोडं शोधलं तेव्हा लक्षात आलं. वेबसाइट बनवणाऱ्या दिनेशच्या माणसानं फोटो उतरवून स्वतःकडं ठेवलाच नव्हता. आळसानं त्यानं फक्त माझ्या फोटोचा पत्ता, म्हणजे लिंक, त्यांच्या पानात घातला होता आणि वर दिनेशचं चित्र चिकटवलं होतं. म्हणजे जगात कुणीही ती वेबसाइट उघडली की मागचं चित्र माझ्याकडून जात होतं. मी त्या पत्त्यावर जे ठेवीन, ते दिनेशच्या पाठीमागं दिसणार होतं.

मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले. इतकं गार, इतकं गोड पाणी मी फार दिवसांनी प्यायले.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. पिंपरीच्या चौकात रेडा दिसला की वाटायचं, हा त्याच्यामागं शोभेल. गोदामाचं शटर ठेवावं, कचऱ्याचा ढीग ठेवावा, रिकामी खुर्ची ठेवावी. बसमध्ये मी एकटीच हसायचे. माझे मिस्टर, प्रकाश, सरळ माणूस आहेत. ते म्हणाले, फोटो काढून टाक, त्याच्या पानावर पांढरं पडेल, विषय संपला. मी म्हटलं, पांढरं पडलं तर कुणाला काय कळणार. ते म्हणाले, तू तर पक्की गावची निघालीस. मला ते आवडलं.

ग्रुपवर निरोप आला की जत्रेच्या संध्याकाळी वेबसाइटचं उद्घाटन आहे. पाहुणे येणार, देवळापुढं मोठा एलईडी पडदा लागणार. मग मी थांबायचं ठरवलं. माझ्या ब्लॉगसाठी मी हेडरच्या फोटोची एक प्रत दुसऱ्या पत्त्यावर ठेवली, म्हणजे माझं पान जसंच्या तसं राहील. जुन्या पत्त्यावर काय ठेवायचं ते बनवायला बसले.

दिनेश पानावर कुठं उभा आहे, कुठून कुठपर्यंत आहे, हे मी मापून घेतलं. एवढं मन लावून मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. त्याच फोटोतून आईला उचलून डावीकडं आणलं, जिथं तो पोचत नव्हता, आणि त्याच्यापेक्षा मोठी केली. विहीर ठेवली, कारण तिला ती हवी असते. वर जाड अक्षरात लिहिलं, 'सुंदराची पट्टी'. तिच्या पायाशी, 'ही जमीन जिनं कसली, ती ही.' आणि उजवीकडं, दिनेशच्या बरोबर खाली येईल अशा बेतानं, 'हा तिच्या जागेवर उभा आहे.'

ही शेवटची ओळ मी काढली आणि परत घातली. पुन्हा काढली आणि पुन्हा घातली. प्रकाश म्हणाले, एवढी कशाला. आईला मी काही सांगितलं नव्हतं. शेवटी ओळ ठेवली. ती खोटी नव्हती.

जत्रेला आम्ही दोघी गेलो. सकाळी देवाला नैवेद्य, दुपारी घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलगाड्यांच्या शर्यती, सगळ्या गल्ल्यांत गुलाल आणि धुरळा. कढईतल्या जिलेबीचा वास. आईला लोक थांबवून विचारत होते, रहाटणीला करमतं का. ती म्हणायची, लिफ्ट हाय. संध्याकाळी देवळापुढं सतरंजीवर बायकांच्यात बसलो. आईच्या शेजारी काकी, दिनेशची आई, येऊन बसली. दोघी जावांनी एका चुलीवर निम्मं आयुष्य काढलेलं. काकीनं आईचा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. मला त्या क्षणी जरा कसंतरी झालं. मग स्टेजवर दिनेश दिसला, तोच पांढरा शर्ट, आणि ते कसंतरी गेलं. मी मोबाइलवरून नवं चित्र त्या जुन्या पत्त्यावर चढवलं.

भाषण झालं. पाहुण्यांनी बटण दाबलं. पडद्यावर पान उघडलं.

आधी कुणाला काही कळलं नाही. दिनेश पडद्याकडं पाठ करून लोकांना हात जोडून उभा होता, वर पडद्यावरही तोच, तसाच. पुढं बसलेल्या पोरांनी शाळेत वाचतात तसं सुरात वाचायला सुरुवात केली. सुंदराची पट्टी. ही जमीन जिनं कसली, ती ही. तिसरी ओळ पोरांनी वाचली तेव्हा मागचा पुरुषांचा घोळका शांत झाला. काकीला वाचता येत नाही, आईलाही नाही. काकीनं मला विचारलं, काय लिवलंय. मी दोघींना वाचून दाखवलं, तिन्ही ओळी. आवाज कमी केला नाही.

पाहुण्यांच्या हातात माइक होता आणि तो चालू आहे हे त्यांच्या लक्षात नसावं. त्यांनी दिनेशला विचारलं, "या बाई कोण?"

दिनेश वळला. पडद्याकडं बघत राहिला. त्याचा आवाजही माइकमधून आला, बारीक. "मोठी आई. माझी मोठी आई हाय."

तेवढ्यात काकी बोलली. मोठ्यानं नाही, पण आसपासच्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं. "सुंदराचीच पट्टी हाय ती. दुसरं काय म्हणायचं तिला?"

बायकांमधून ते पुढं गेलं, पुरुषांपर्यंत पोचलं. कुणीतरी हसलं. पडदा चालवणाऱ्या पोराला पान बंद करायचं सुचेना, तो ते वर-खाली करत राहिला, आणि दर वेळी आई पुन्हा वर येत होती, पडद्याइतकी उंच. पाहुण्यांनी आईला स्टेजवर बोलवायला सांगितलं. आईनं पदर पुढं ओढला आणि मान हलवली. ती गेली नाही. दिनेश देवळाच्या बाजूनं खाली उतरला. त्याच्या मानेवर घाम होता, शर्ट पाठीला चिकटला होता. ते मी नीट पाहून घेतलं. आजही डोळे मिटले की ती पाठ दिसते.

परतताना गाडीत आई बोलेना. मोशी गेलं, भोसरी गेली. मला वाटलं, हिला दुखवलं आपण. आपल्या रागापायी हिला चारचौघांत उभं केलं. नाशिक फाट्याला सिग्नलवर ती म्हणाली, "फोटोत मी लई काळी दिसत व्हते."

मी म्हटलं, उन्हातला फोटो आहे.

"व्हय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पण झ्याक उभी व्हते."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये असताना दिनेशचा फोन आला. मी ताट घेऊन कोपऱ्यात गेले. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाला, लोकं हसतायत ताई. पोरं गाडी अडवून तेच वाक्य म्हणतात. वेबसाइट बंद करावी तर पाहुण्यांनी उद्घाटन केलंय, बंद कशी करू, आणि मोठ्या आईचा फोटो मी काढला तर लोकं अजून बोलतील. मी विचारलं, पट्टीचं नाव? म्हणाला, सकाळीच बदललं, बघ, तुझंच ठेवलंय. मी जेवता जेवता उघडून पाहिलं. आबांचा मळा गेला होता. सुंदराची पट्टी परत आली होती, तिच्या ओळीत, तिच्या जागी.

"आता तो फोटो काढ, ताई," तो म्हणाला.

मी घास संपवला. पाणी प्यायले.

"फोटो मी काढणार नाही, दिनेश. तू तिच्यासमोरून बाजूला हो."

पलीकडं मशीनचा की ट्रकचा आवाज येत होता. मग फोन कट झाला.

संध्याकाळी पान उघडलं तेव्हा तो तिथं नव्हता. मी ती तिसरी ओळ काढून टाकली, कारण आता ती कुणाबद्दलच नव्हती. बाकी सगळं तसंच ठेवलं. गावाची वेबसाइट अजून चालते, मागचं चित्र अजून माझ्याकडून जातं. अधूनमधून मी ती उघडते. डावीकडं आई असते. उजवीकडं, जिथं दिनेश उभा होता तिथं, काढून टाकलेल्या कांद्याचे रिकामे वाफे दिसतात, थेट विहिरीपर्यंत. ती जागा रिकामी बघायला मला आवडतं. इतकी वर्षं झाली, पण ते आवडणं कमी झालेलं नाही.